सुतळीने मोजलेले ब्रेक

आबांची मोटार संध्याकाळी उतारू घेऊन कडेगावहून परतायची, ती गल्लीत दिसायच्या आधी ऐकू यायची. पुलावरून कराडात शिरताना हॉर्न, तांबोळ्याच्या दुकानापाशी गिअर बदलल्याची खरखर आणि शेवटी आमच्या दाराअलीकडच्या वळणावर ब्रेकची एक लांबलचक किंकाळी. त्या किंकाळीवर आई तवा चुलीवर टाकायची. आबा हातपाय धुऊन पाटावर येईपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. शेजारच्या काकू त्याच आवाजावर म्हशीची धार काढायला उठायच्या आणि समोरच्या ओट्यावर अभ्यासाला बसलेली पोरं दप्तर गुंडाळायची. ब्रेकने ओरडू नये, मुकाट्याने थांबावं, हे आम्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. मोटार अशीच थांबते, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे ऐसपैस परडं आणि परड्यात पत्र्याच्या छपराखाली मोटार. तिची जागा आमच्या दोन्ही खोल्यांहून मोठी होती. ‘आमीच हिच्याकडं भाड्यानं ऱ्हातो,’ असं आई आल्यागेल्याला सांगायची. लढाईचे दिवस होते. पेट्रोल रेशनवर मोजून मिळायचं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची उंच टाकी बसवलेली होती. तिला सगळे बंबच म्हणायचे. सकाळी बंबात कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवत बसायचं, गॅस नीट धरला की मग इंजिन सुरू व्हायचं. हे काम आधी माझा थोरला भाऊ करायचा. तो पलटणीत भरती होऊन मोटारी हाकायला कुठल्याशा वाळवंटात गेला आणि पंख्याचा दांडा माझ्याकडे आला. मी सतरा वर्षांची होते, अंगाने दणकट. आबांनी पंखा दिला तोही नाइलाजाने. ‘कोळसा घाल, पंखा फिरीव, तोंड धू आन् घरात जा. म्होरं मोटारीला हात लावायचा न्हाई,’ अशी ताकीद होती. मला मात्र त्या लोखंडाच्या पोटात काय चालतं ते बघायची भारी ओढ. आईने नावच हौसा ठेवलेलं, त्याला मी तरी काय करणार?

मोटारीचं दुखणंखुपणं बघायला बाबालालचाचा होते. साठी ओलांडलेली, दाढी पांढरी, बोटं काळी. तरुणपणी ते टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, पुढे मोटारी आल्या तसे मोटारी शिकले. इंजिनावर हात ठेवून, मान वाकडी करून ऐकायचे आणि दुखणं सांगायचे. डोळे मात्र अधू होत चालले होते. नट बोटांनी बरोबर चाचपून काढणारा हा माणूस सुईत दोरा ओवून घ्यायला आईकडे यायचा. डोळ्यांविषयी ते कधी काही बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता ब्रेकची किंकाळी बदलली. तिच्यात लोखंडावर लोखंड घासल्याची कचकच आली. चाचांनी चाक उघडलं आणि आबांकडे बघून नुसते हसले. ‘रामभाऊ, लायनर ऱ्हायलंच न्हाई. नुसत्या पुण्याईवर थांबतीया गाडी.’ ब्रेकला अर्धचंद्रासारखे लोखंडी शू असतात आणि त्यांच्यावर जी जाड पट्टी रिबिटांनी ठोकतात ती लायनर. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला जाऊन घासते ती तीच पट्टी. ती पार झिजली होती. त्यातच साताऱ्याहून कागद आला होता, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार पासिंगला आणावी. विट्याच्या एका मोटारमालकाने आमच्याच लाइनीसाठी अर्ज करून ठेवलेला. मोटार नापास झाली की कडेगावची लाइन त्याच्याकडे जाणार, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. आबा शेती सोडून या धंद्यात पडले होते. सुर्लीच्या घाटातला प्रत्येक खड्डा त्यांना पाठ होता. त्या आठवड्यात ते जेवताना दोनदा पाणी प्यायला विसरले, आणि आई मला हळूच म्हणाली, ‘हौसे, ह्यांच्या जिवाला घोर लागलाय गं.’

कंपनीचे लायनर लढाईमुळे कुठे मिळत नव्हते. सांगलीत पेठेतल्या एका दुकानात देशी बनावटीचे मिळतात, असं आबांच्या कानावर आलं. सांगली तेव्हा संस्थानात होती आणि तिथे सगळं मिळतं असा आमच्याकडे समज होता. मोटार तर लाइनीवर चालू, शू काढून बरोबर न्यायचे कसे? मग आबांनी आपली नेहमीची पद्धत काढली. विहिरीची खोली असो, दाराची चौकट असो की माझ्या परकराची उंची, आबा सगळी मापं सुतळीने घ्यायचे आणि गाठी मारून ठेवायचे. चाक उघडून त्यांनी शूच्या पाठीवरून सुतळी फिरवली, लांबीला एक गाठ मारली, रुंदीला दुसरी, जाडीला अंदाजाने तिसरी. सुतळी खिशात घातली आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. मला नेलं ते तिथल्या मावशीला आईने दिलेलं तूप पोचवायला. दुकानात मात्र मी आबांच्या मागोमाग शिरलेच.

दुकानदार शेटजी मोठे गोड माणूस. त्यांनी आम्हाला चहा पाजला, माझ्या हातावर मूठभर भडंग ठेवलं आणि आबांची सुतळी शिंप्यासारखी दोन हातांत ताणून एकेका लायनरवर धरली. गाठीला गाठ जुळली. ‘बघा, जनू तुमच्याच गाडीसाठी केलंय. डोळं झाकून बसवा,’ शेटजी म्हणाले. आबांनीही सुतळी पुन्हा धरून बघितली आणि समाधानाने मान हलवली. मी भडंग खात होते. आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही, की सुतळी सरळ धरली होती आणि शू वाकडा होता. लांबी, रुंदी, जाडी सगळं गाठीत बांधून आणता आलं, बाक काही आणता आला नाही. परवा माझ्या नातवाने त्याच्या गाडीला स्वस्तातले ब्रेकचे पॅड आणून बसवले आणि दोन दिवस गाडी रस्त्याने गळा काढत हिंडत होती, तेव्हा मी इतकी हसले की सुनेने पाण्याचा तांब्या आणून दिला. नातू म्हणाला, डब्यावर माझ्याच गाडीचं नाव होतं. असेल बाबा, आमच्याकडे तर गाठीसुद्धा जुळल्या होत्या.

कराडला आल्यावर लाइन बंद ठेवून मोटार परड्यात उभी केली. चाचांनी पहिला लायनर शूवर ठेवला आणि तो डुलायलाच लागला. मधे टेकत होता, दोन्ही टोकं वर उचललेली. मोठ्या ड्रमच्या कुठल्या तरी लॉरीसाठी केलेला माल होता तो. रिबिटांची भोकंही एकाला दुसरं जुळेना. आबांनी आठही लायनर एकेक करून ठेवून बघितले, जसा काही त्यातला एखादा तरी शहाणा निघेल. मग ते जे सुरू झाले ते शेटजींच्या सात पिढ्यांपर्यंत गेले. ‘डोळं झाकून बसवा म्हणं! त्याचं डोळं झाकलं असतील! दसरा होऊ दे, ह्ये आठबी जाऊन त्याच्या गादीवर आपटून येतो!’ चाचांनी लायनर नखाने खरवडला, वास घेतला आणि आईला हाक मारली. ‘वहिनी, अंघोळीचं पाणी काढता ते घंगाळ द्या.’

घंगाळ लग्नात माहेरहून आलेलं, तांब्याचं. आईने चाचांकडे बघितलं, लायनरकडे बघितलं. ‘ह्यास्नी न्हाऊ घालायचं हाय व्हय? मग उटणंबी वाटू काय?’ म्हणाली, पण घंगाळ दिलं. लायनर उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करायचे, गरम असतानाच शूवर दाबायचे आणि काथ्याने करकचून बांधून दगडाखाली ठेवायचे, अशी चाचांची युक्ती. परड्यात डांबर आणि ओल्या किंतानाचा असा काही वास सुटला, की काकूंची म्हैस दूध देईना. दुसऱ्या दिवशी दोऱ्या सोडल्या तर लायनर बऱ्यापैकी वाकले होते. नवी भोकं पाडून रिबिटं ठोकली. आता ड्रम चढवायला गेले तर ड्रम चढेना. लायनर कुठेतरी उंच राहिला होता आणि कुठे ते समजायला मार्ग नव्हता. चाचा शू उजेडात धरून, डोळ्यांजवळ नेऊन, लांब नेऊन बघत होते. आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. पासिंगला सहा दिवस राहिले होते.

आई परड्याच्या कडेला जातं मांडून बसली होती. वरची पाळू फिरवता फिरवता म्हणाली, ‘जात्याची तळी नीट बसंना झाली तर टाकी लावायला येती ती टाकारीण काय करती? गेरू लावून एक फेरा देती. जितं तांबडं उमटंल तितं टाकी मारती.’ चाचांनी हातातला शू खाली ठेवला. ‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘चाळीस वरसं मी लोखंडात घातली आन् तुमी जात्यावर बसून मला शिकीवलं!’ आईने जात्यात आणखी एक मूठ ज्वारी टाकली.

ड्रमच्या आतून गेरूची कोरडी भुकटी लावायची, ड्रम कसाबसा दाबून अर्धा फेरा द्यायचा, काढायचा. लायनरवर जिथे तांबडं उमटेल तिथे कानस मारायची. पुन्हा गेरू, पुन्हा फेरा. पण तांबड्या ठिपक्यांचा रंग आणि लायनरचा विटकरी रंग यांतला फरक चाचांना दिसत नव्हता. त्यांनी दोनदा भलतीकडेच कानस मारली. तिसऱ्या वेळी मी पुढे झाले आणि बोट ठेवलं, ‘चाचा, हितं.’ आबा काहीतरी बोलणार होते. चाचांनी कानस माझ्याच हातात दिली. ‘रामभाऊ, पोरीची नजर ताजी हाय. घासू दे की.’ आबा उठून आत गेले, आणि जाता जाता म्हणाले, ‘पदर खोचून बस म्हणावं.’ एवढ्यावर मी मोटारीत शिरले.

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते, हे मी या वयात शपथेवर सांगेन. सकाळी देवीच्या घटाला पाणी घालायचं, उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी खायची आणि दिवसभर घास घास घासायचं. त्या भुकटीत काय काय विष असतं ते आता पेपरात वाचते. तेव्हा आम्ही ती तोंडाने फुंकून उडवत होतो. हाताला फोड आले, नाकात तांबडं गेलं. जरा जास्त जोर लावला की चाचा न बघता, नुसत्या आवाजावरून म्हणायचे, ‘हळू बेटा, त्यो काय नारळ न्हवं.’ पहिल्यांदा नुसते दोन ठिपके उमटायचे, मग चार, मग बोटभर पट्टा. चौथ्या दिवशी आठव्या लायनरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं तांबडं उमटलं. ते मी आबांना नेऊन दाखवलं. त्यांनी दोन्ही हातांत धरून बघितलं आणि नुसतं ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’वर मी दोन दिवस चालले.

पण शू बसवायला वेळ कुठे होता? दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. खंडेनवमीला सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, पूजा करायची आणि दसऱ्याला शमीपूजन होईपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कुणाकडे तलवार असायची, कुणाकडे नांगर, सुताराकडे रंधा. आमच्याकडे पाने, जॅक, हातोडे आणि त्या वर्षी नवे लायनर ठोकलेले आठ शू. मांडामांड माझ्याकडे होती. आईने घाण्यावरचं करडईचं तेल वाटीभर दिलं, ‘समद्यास्नी बोट फिरीव, म्हंजे झळकत्यात.’ मी पाने पुसले, जॅक पुसला. मग शूंची पाळी आली. चार दिवसांच्या घासाघासीने लायनर फिकट, राठ दिसत होते. माझ्या हातची वस्तू आणि तीच सगळ्यांत निस्तेज! मी वाटीत सगळी बोटं बुडवली. मोटारीला तेल लागतं एवढंच मला ठाऊक. चाचांना मी जन्मभर काही ना काही तेलातच बुडवताना बघितलेलं. लायनर तेल प्यायला लागले तशी मी आणखी पाजत गेले. आतून कशाचे दाबलेले होते कोण जाणे, अर्धी वाटी सहज पचवली त्यांनी. वरून पुसून हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं ठेवली. आबांनी नारळ फोडला. सगळे म्हणाले, यंदाची मांडणी उजवी झाली. बोकडाच्या रश्श्याला आईने असं तिखट घातलं होतं, की कौतुकाने आलेलं पाणी आणि तिखटाने आलेलं पाणी वेगळं करता येईना.

दसऱ्याला सोनं लुटून आबा आणि चाचा परतले आणि पुरणपोळी जेमतेम गिळून कामाला लागले. पूजेतली सगळीच हत्यारं तेलाने बुळबुळीत, चाचांचे हातही तेलकट, त्यात शूवर हळदकुंकवाचा थर. कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. गल्लीत मोटार दोनदा पुढेमागे करून बघितली. ब्रेक लागले, आणि अगदी मुकाट लागले. काकू धावत आल्या, ‘आवं, आता मी म्हस कवा पिळायची?’

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत आम्ही साताऱ्याला निघालो. आबा चाकावर, शेजारी चाचा, मागे बंब सांभाळायला मी. बरोबर भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि सणाच्या उरलेल्या पोळ्या. आबा खुशीत होते आणि खुशीतच शेटजींना शिव्या देत होते. मसूरचा फाटा गेला. वाटेत गुरं, गाड्या, सणाहून माघारी निघालेली माणसं, त्यामुळे आबांना सारखा ब्रेक दाबावा लागत होता. उंब्रजच्या अलीकडे एक उतार आहे. तिथे समोर शेंगांच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी आडवी चालली होती. आबांनी ब्रेक दाबला. मोटार आपली चाललीच. त्यांनी पुन्हा दाबला, जवळजवळ उभेच राहिले त्यावर. ‘चाचा, बिरेक धरंना!’ एवढंच मला ऐकू आलं. त्यांनी खाडकन गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि मोटार रस्त्यावरून उतरवून शेतात घातली. तिथे भुईमुगाच्या वेलांचा माणूसभर उंच ढीग होता. त्यात आम्ही बंबासकट शिरलो आणि फुस्सकन थांबलो.

कुणाला खरचटलंही नव्हतं. ढिगापलीकडून हातात विळा घेतलेली एक बाई उठली, घामाने आणि रागाने लाल. ‘आवं, येवढ्या मुलखात मोटार घालायला तुमाला माझाच ढीग घावला व्हय?’ आबांनी हात जोडले. ‘बाई, ढीग हुता म्हून वाचलो. समदा रचून देतो.’ बाईने आमच्या तोंडांकडे बघितलं, मी कोळशाने काळी, चाचा भीतीने पांढरे, आणि ती खो खो हसत सुटली. ‘आदी पानी प्या,’ म्हणाली.

चाचांनी जॅक लावून चाक काढलं, ड्रम ओढला. लायनर ओले होते. गरम होऊन आतलं तेल बाहेर आलं होतं आणि ड्रमच्या आत थेंब थेंब ओघळत होतं. चाचांनी बोट फिरवलं आणि खालीच बसले. ‘माजीच चूक,’ म्हणाले. ‘बेरिंगात ग्रीस लय भरलं. दिसलं न्हाई मला. ग्रीस हिकडं उतरलं.’ आबा म्हणाले, ‘तुमची कसली? त्या सांगलीवाल्याची.’ ‘न्हाई रामभाऊ. माल कसाबी आसू दे, बसवला मी. डोळं गेल्यात माजं, मलाच ठाव हाय. आज मानसं मारली असती मी.’ त्यांनी आपला चाळीस वर्षांचा पाना फडक्यात गुंडाळला आणि आबांच्या पायाशी ठेवला. ‘साताऱ्यास्नं दुसरा मिस्त्री बघा. मी हत्यार ठेवलं.’

मी ढिगापाशी उभी होते. ते ग्रीस नाही हे मला वासावरून कळलं होतं, आमच्या फोडणीला रोज तोच वास असायचा. गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. आबांचा संशय शेटजींवर, चाचांचा स्वतःवर. आणि बोलले तर कानस गेली, मोटार गेली, पंखासुद्धा गेला, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला फार भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज. चाचा फडक्याला गाठ मारत होते आणि ती त्यांना नीट बसत नव्हती. ते बघवेना तेव्हा मी म्हणाले, ‘चाचा, त्ये ग्रीस न्हाई. करडईचं त्याल हाय. खंडेनवमीला मीच पाजलं.’

आबांनी माझ्याकडे बघितलं. ‘बिरेकाला त्याल?’ ‘व्हय.’ ‘किती?’ ‘अर्धी वाटी.’ त्यांचा हात उठेल असं मला वाटलं. ते दोन पावलं लांब गेले, रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, ‘हौसे, आज गाडी मोकळी हुती. सुर्लीच्या घाटात पस्तीस मानसं घिऊन आसतो तर?’ मग मात्र मला रडू आवरेना. इतक्यात मागून चाचांचा आवाज आला. त्यांनी ड्रममधलं बोट नाकाला लावलं होतं. ‘त्याल हाय! रामभाऊ, त्याल हाय हे! ग्रीस न्हवं!’ त्या माणसाला इतकं आनंदलेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही. माझ्या चुकीचे पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. त्यांनी फडकं सोडलं, पाना काढला आणि तो माझ्या हातात कोंबला. ‘रडतीस काय? चाकं खोल. बंबात कोळसा लाल हाय न्हवं?’

तेल जाळून काढायचं होतं. बंबातले निखारे पत्र्यावर ओढले आणि आठही शू त्यावर उलटे मांडले. लायनरमधून तेल फसफसत बाहेर यायला लागलं आणि भज्यांचा घमघमाट सगळ्या शिवारात पसरला. आजूबाजूची माणसं काम सोडून जमली. कुणाकडे कसलं जेवण आहे, म्हणून विचारू लागली. ढिगाच्या मालकिणीने तेवढ्यात शेजारच्या निखाऱ्यावर ओल्या शेंगा टाकल्या. आबा एकटेच तिचा ढीग रचत होते, वेल झटकून, मुळं एका बाजूला करून, अगदी शेतकऱ्याच्या हाताने. मी शू उलटत होते, राखेने पुसत होते, पुन्हा ठेवत होते. आबांनी रेशनच्या पेट्रोलची जपून ठेवलेली बाटली माझ्याजवळ आणून ठेवली, ड्रम धुवायला. मग ते एकदम कपाळाला हात लावून म्हणाले, ‘आगं, त्या शेटजीला मी आट दिवस काय काय बोललो!’ आणि हसायला लागले. चाचा हसले, मालकीण हसली. मीही हसले, पण जरा भीतभीतच.

साताऱ्याला पोचायला दुपार टळली. इन्स्पेक्टरसाहेब दप्तर आवरत होते. फार कडक माणूस म्हणून नाव होतं, आणि दिसायलाही तसेच. त्यांनी दिवे बघितले, टायर बघितले, आबांच्या शेजारी बसले आणि उतारावर भर वेगात असताना ओरडले, ‘थांबवा!’ मोटार जागच्या जागी अशी थांबली, की साहेबांची हॅट समोरच्या काचेवर आपटून आबांच्या मांडीवर पडली. साहेबांनी हॅट झटकून डोक्यावर ठेवली, नाकाने दोनदा हुंगलं. ‘गाडी चालवता की खानावळ?’ आबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘साहेब, वाईच तळून काढल्यात.’ साहेबांना काय समजलं देव जाणे. त्यांनी सही केली. कडेगावची लाइन आमची राहिली.

परतताना चाचा मागच्या बाकावर पाय पसरून घोरत होते. नागठाणे मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना वडाची झाडं असलेला सरळ मोकळा रस्ता लागला. आबांनी मोटार कडेला घेऊन थांबवली, मला खाली बोलावलं आणि स्वतः उठून डावीकडे सरकले. ‘बस.’ मी म्हणाले, ‘आबा, मला चालवायला कुटं येतंय?’ ‘चालवायला कुनालाबी येतंय. सतरा वरसाचा आसताना मलाबी आलं. थांबवायचं कशानं, त्ये मला आज कळलं, तुला चार दिस घासून कळलंय.’ मी बसले. पाय जेमतेम पोचत होते. मोटार दोन आचके देऊन चालू लागली. मैलभर गेले असेन, समोरून एक बैलगाडी मधोमध आली. मी आबांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते हलवले नाहीत. मी पाय दाबला. मोटार थांबली. गाडीवानाने चाकावर बसलेली पोरगी बघितली आणि कासरा ओढून त्याने बैलही थांबवले, तोंड उघडं टाकून तो बघतच राहिला. तेव्हा आबा खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि ओरडले, ‘बगतोस काय गड्या? गाडी बाजूला घे की! माज्या लेकीला फुडं जायाचंय!’